वलयांतले गुराखी

आमच्या जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एकास बाजार चिकटला, दुसऱ्यास रेल्वे. आम्ही रेल्वेच्या चांदुरातले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला, तो आमच्या गावावरून गेला आणि जाता जाता गावाच्या नावास एक इंग्रजी शेपूट लावून गेला. ज्या गावाच्या नावातच चांद आहे त्या गावी बसून चंद्रांविषयी चार शब्द लिहावेत यात गैर काही नाही. मात्र ज्या चंद्रांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे ते आपल्या ओळखीच्या चंद्राचे फार दूरचे, गरीब आणि काहीसे विचित्र असे नातलग आहेत. ते शनीच्या वलयांत राहतात.

२०२५ सालच्या दिवाळीत आमचा पुतण्या एक दुर्बीण घेऊन घरी आला. मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. फराळापेक्षा दुर्बिणीच्या तिपाईची काळजी त्यास अधिक. दोन रात्री आकाश ढगांनी भरलेले राहिले. भाऊबीज उलटल्यावर शनिवारी संध्याकाळी अंमळ उघडीप मिळाली, आणि गच्चीवर सतरंजी, करंज्यांचा डबा, दुर्बीण आणि आमची आई अशी सर्व मंडळी जमली. आईचे वय ऐंशीच्या पुढे. ती चांदुरास एकटी राहते. आम्ही अमरावतीस शिकवतो आणि शनिवारी घरी येतो. हा क्रम कित्येक वर्षांचा. आग्नेयेस शनि चांगला वर आला होता. पुतण्याने दुर्बीण त्यावर रोखली, आम्ही डोळा लावला, आणि खरे सांगावयाचे तर आमची निराशा झाली. लहानपणापासून पुस्तकांत पाहिलेले ते डौलदार कडे कुठेच नव्हते. पिवळसर ठिपक्याच्या दोन्ही अंगांस बोरूने ओढावी तशी एक बारीक रेघ तेवढी होती.

यात दुर्बिणीचा दोष नव्हता. शनीची मुख्य वलये एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली आहेत, पण त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरांच्या आसपास, म्हणजे एखाद्या तीन मजली घराएवढी. शनीच्या एका प्रदक्षिणेत, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस वर्षांत, दोनदा असा काळ येतो की पृथ्वीवरून पाहणारास ही वलये अगदी कडेने दिसतात, आणि एवढी पातळ वस्तू कडेने दिसणे म्हणजे जवळजवळ न दिसणेच. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी वलयांच्या पातळीतून पार झाली होती. दिवाळीपर्यंतही ती फारशी उघडली नव्हती. गॅलिलिओने १६१० साली शनीच्या दोन बाजूंस दोन गोळे पाहिले आणि १६१२ साली ते नाहीसे झालेले पाहून तो गोंधळला, त्याचे कारण हेच. गॅलिलिओ जेथे गोंधळला तेथे आम्ही निराश झालो, तर कोणी हसू नये.

"मले दाखव," आई म्हणाली. पुतण्याने तिला खुर्ची दिली. बराच वेळ एक डोळा मिटून ती पाहत राहिली.

"मोत्यात सुई खुपसल्यावानी दिसून राह्यलं," ती म्हणाली.

इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात आमची तीस वर्षे गेली. पण इतकी नेमकी उपमा आम्हांस सुचली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

मग पुतण्याने त्या रेघेत काय काय दडलेले आहे ते सांगावयास आरंभ केला, आणि जे तो चुकला ते आम्ही मागाहून पुस्तके पाहून दुरुस्त केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले त्या काळी शनीचे आठच चंद्र जगास ठाऊक होते. २०२५ च्या मार्च महिन्यात एकदम १२८ नव्या चंद्रांस मान्यता मिळाली आणि त्यांची संख्या २७४ झाली. इतके चंद्र झाल्यावर चंद्रपणाची किंमत उतरणार हे उघड आहे. यातले पुष्कळसे म्हणजे शनीपासून अतिदूर भटकणारे दगड. त्यांच्याविषयी आम्हांस ममत्व वाटत नाही. परंतु दोघेतिघे असे आहेत की जे वलयांच्या आत, अगर अगदी काठाशी, आपले घर करून आहेत. पॅन हा त्यांतला मुख्य. वलयाच्या बाहेरच्या भागात सुमारे ३२५ किलोमीटर रुंदीची एक फट आहे. तिच्या मधोमध हा पॅन चौदा तासांहून थोड्या कमी वेळात शनीस एक फेरी घालतो. त्याच्या बाहेर सुमारे ४० किलोमीटरांची दुसरी एक अरुंद फट आहे. तीत डॅफ्निस असतो. वलय संपते त्याच्या थोडे पलीकडे अ‍ॅटलस. याहून लहान, शेकडो मीटरांचे कपटे वलयांत आणखी पुष्कळ आहेत. त्यांस स्वतःची फट पाडण्याइतके बळ नाही. भोवतालच्या कणांत विमानाच्या पंख्यासारखी एक खूण तेवढी ते उमटवतात, आणि २००६ पासून त्या खुणांवरूनच ते ओळखले गेले आहेत. मोठ्या खुणांस शास्त्रज्ञांनी ब्लेरिओसारख्या जुन्या वैमानिकांची नावे लाडाने दिली आहेत.

पॅनचा सरासरी व्यास सुमारे २८ किलोमीटर. आमच्या घरापासून अमरावतीचे अंतर जेवढे, जवळजवळ तेवढाच. म्हणजे दर शनिवारी अमरावतीहून घरी येताना आम्ही एका चंद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास करतो, असे म्हणावयास हरकत नाही. डॅफ्निस त्याहूनही लहान, जेमतेम आठ किलोमीटरांचा.

यांचे रूपही चंद्रास शोभण्यासारखे नाही. १९९७ साली पृथ्वीवरून निघालेले कॅसिनी यान २००४ पासून शनीभोवती फिरत होते. १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात शिरून ते जळून गेले, पण त्यापूर्वी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याने पॅनची आणि एप्रिलमध्ये अ‍ॅटलसची जवळून छायाचित्रे घेतली. ती पाहून पाश्चात्त्य लोकांस त्यांच्याकडचा एक सारण भरलेला पदार्थ आठवला. आमच्या पुतण्याने ते छायाचित्र आईपुढे धरले तेव्हा तिने नुसता डबा पुढे सरकवला. मधला गोळा फुगलेला आणि भोवती कमरेस सबंध फिरलेली एक पातळ, पुढे आलेली कड: दुसरे काय आहे ते? गोल करंजी आहे. उत्तरेकडचे हलवाई अशीच एक गोल, काठास मुरड घातलेली मिठाई करतात आणि तिला चंद्रकला म्हणतात. ते नाव त्यांनी कोणत्या दूरदृष्टीने ठेवले हे शोधण्यासारखे आहे. ही मुरड मागाहून पडलेली असावी असे शास्त्रज्ञ मानतात. आतला गोळा आधी जमला. मग वलय चपटे, पातळ झाल्यावर त्यातला बारीक हिमकण अलगद येऊन गोळ्याच्या नेमक्या मध्यावर, वलयाच्या पातळीत, थर देत बसला. सगळा जीवच पोकळ, पाण्याच्या निम्म्याएवढाही जड नाही. सारण कमी घातलेली करंजी म्हणावी हवी तर.

नावांकडे आमचे लक्ष जाणे हा आमच्या धंद्याचा परिणाम आहे. पॅन हा ग्रीकांचा मेंढपाळांचा देव. पाय बोकडाचे, हाती वेळूचा पावा. डॅफ्निस हा त्यांच्या गोपगीतांचा आद्य नायक, पावा वाजवण्यात पॅनचा शिष्य. आमच्याकडच्या माणसांस बासरीवाला गुराखी काही नवा नाही. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडिण्यपूर आमच्यापासून फार लांब नाही, आणि तेथून तिला कोणी नेले हे लहान मूलही सांगेल. तेव्हा वलयांतल्या या चंद्रांस मेंढपाळ का म्हणतात असे विचारले असता पुतण्याने सांगितले की ते कणांचा कळप आपापल्या हद्दीत राखतात. आम्हांस वाटले, गुराखी जसा गाईंस हाक मारून जवळ बोलावतो तसे ते कणांस ओढून धरीत असतील. वस्तू वस्तूस ओढते, एवढे भौतिकशास्त्र आमच्याही पदरी आहे. परंतु खरा प्रकार नेमका उलट निघाला, आणि तो समजून घेण्यात आमचा उरलेला शनिवार गेला.

शनीच्या जवळचा कण जलद धावतो, लांबचा सावकाश. पॅन काय, त्याच्या शेजारचे कण काय, सेकंदास सुमारे १७ किलोमीटर हा सर्वांचा वेग. त्या वेगाने चांदुराहून अमरावतीस पोचावयास दोन सेकंदही लागू नयेत. ज्या ग्रहाचे नाव आपल्या पूर्वजांनी शनैश्चर, म्हणजे हळू चालणारा, असे ठेवले त्याच्या दारात ही धावपळ! पण सगळेच एका दिशेने धावत असल्यामुळे एकमेकांस त्यांचा वेग भासतो तो थोड्या फरकापुरताच. हिशेब केला तर फटीच्या आतल्या काठावरचा कण पॅनला मागे टाकतो तो ताशी शंभराहून किंचित अधिक किलोमीटरांनी, म्हणजे चांदुरास न थांबणारी मेल आमच्या फलाटावरून जाते साधारण तितक्या वेगाने. जवळून जाताना पॅन त्यास आपल्याकडे ओढतो. त्या ओढीने कणाची वाट जराशी पॅनकडे वळते. म्हणून गाठ पडण्यापूर्वी तो जेवढा दूर होता त्यापेक्षा गाठ पडल्यानंतर अधिक जवळून चाललेला असतो. आता तो पुढे निघाला आहे आणि पॅन मागे आहे. तेव्हा मागून बसणारी ओढ आधीच्या ओढीहून भारी ठरते आणि त्याचे थोडे बळ हिरावून घेते. बळ घटलेला कण शनीकडे सरकतो, म्हणजेच पॅनपासून लांब जातो. बाहेरच्या काठावर याच्या उलट. तेथे पॅन पुढे निघून जातो, मागे राहिलेल्या कणास पुढे खेचतो, त्यास बळ देतो; आणि बळ मिळालेला कण शनीपासून, अर्थात पॅनपासूनही, आणखी बाहेर जातो. मग कणाकणांची आपसांत धक्काबुक्की होऊन जो तो आपल्या नव्या वाटेवर स्थिरावतो. पॅन कोणासही ढकलीत नाही. तो केवळ ओढतो, आणि त्या ओढण्यानेच दोन्ही बाजूंचे सोबती दूर होऊन त्याच्या भोवती ३२५ किलोमीटर रुंदीची मोकळी जागा पडते.

"म्हणजे जवळ बलावते अन् थे दूरच जाते," आई म्हणाली.

"हो आजी, तसंच," पुतण्या म्हणाला.

या पॅनचा शोध कसा लागला तेही ऐकण्यासारखे आहे. तो ज्या फटीत राहतो तिला एंके या जर्मन ज्योतिर्विदाचे नाव आहे, परंतु ती स्वच्छ पाहिली ती कीलर या अमेरिकनाने, १८८८ साली. पुढे डॅफ्निसच्या फटीस कीलरचे नाव देण्यात आले. ती तर कीलरने जन्मात पाहिली नव्हती, ती व्हॉयेजर यानाच्या दृष्टीस पडली. मोठेपणाची वाटणी विद्यापीठांतच उलटसुलट होते असे नाही. असो. १९८१ च्या ऑगस्टमध्ये दुसरे व्हॉयेजर यान शनीजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत एंकेच्या फटीचे काठ सरळ नव्हते, नागमोडी होते. १९८५ साली कुझी आणि स्कार्गल या दोघांनी असे अनुमान बांधले की काठावर लाटा आहेत त्या अर्थी आत कोणीतरी आहे. १९९० साली शोल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने त्या लाटांवरून आतला चंद्र कोठे असावा याचे गणित केले, नऊ वर्षांपूर्वीची तीच छायाचित्रे पुन्हा काढली, आणि ठिपका सापडला. एका छायाचित्रात नव्हे, अनेक छायाचित्रांत. तो तेथे सारा वेळ होता. डॅफ्निसच्या लाटा तर त्याहून मोठ्या. २००९ साली शनीवर विषुवदिन आला आणि सूर्याचे किरण वलयांवर अगदी तिरपे पडले, तेव्हा त्या दहा मीटर जाडीच्या वलयाच्या काठावर सुमारे दीड किलोमीटर उंच उठलेल्या लाटांच्या लांब सावल्या कॅसिनीस दिसल्या. आठ किलोमीटरांच्या त्या लहानशा जीवाने उठवलेल्या.

१९९० हे साल आमच्या ध्यानात राहण्यास दुसरेही कारण आहे. त्या वर्षी आम्ही पदवीधर झालो. निकाल घेऊन घरी आलो तो दिवस शनिवार होता. आमचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दर शनिवारी दिवेलागणीस ते देवापुढे तेलाचा दिवा लावून 'शनिमाहात्म्य' वाचीत. साडेसातीने छळलेला उज्जयिनीचा विक्रम राजा हातपाय तुटून तेल्याच्या घाण्यावर येऊन बसतो, तो भाग ते विशेष गहिवरून वाचीत. लहानपणी आम्हीही तो मांडीवर बसून ऐकला होता. त्या संध्याकाळी मात्र नव्या पदवीचे वारे आमच्या अंगात होते. आम्ही बाबांसमोर उभे राहून त्यांस शनीविषयी व्याख्यान दिले. शनि हा वायूचा गोळा आहे. तो चांदूरच्या कारकुनावर कोपावयास मोकळा बसलेला नाही. एका राशीत अडीच वर्षे म्हणून तीन राशींत साडेसात, एवढेच त्या साडेसातीचे रहस्य आहे. यात असत्य असे एक वाक्य नव्हते. आजही आम्ही त्यातले एकही वाक्य मागे घेणार नाही. बाबांनी ते सर्व ऐकून घेतले. "असेल बाबा," एवढेच म्हणाले. पोथी रुमालात गुंडाळली आणि उठले.

त्यानंतर त्यांस पोथी वाचताना आम्ही कधी पाहिले नाही. पुढे आम्हांस अमरावतीस नोकरी लागली, शनिवारचे येणे सुरू झाले, आणि मनाशी आम्ही एक समाधान बाळगून राहिलो की वादात जय मिळाला. वडिलांस आपण आपल्या बाजूस ओढले. बाबा वारले त्यास दहा वर्षे होऊन गेली.

गच्चीवर तो ढगांतला शनि पुन्हा झाकला गेला. पुतण्या दुर्बीण आवरू लागला. २०२५ च्या मार्चअखेरीस शनि मीन राशीत आला असे बहुतेक पंचांगांनी दिले होते, त्यामुळे आईची मेष रास साडेसातीत शिरली होती. आम्ही सहज विचारले, "भीती वाटते का गं?"

"आता माह्यापाशी नेण्याजोगं हाय काय त्याले?" ती हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोथी तेवढी वाचाची राहून जाते. डोये नाही देत. तुये बाबा होते तं त्याहीचा शनिवार कधी चुकला नाही."

आम्ही म्हटले, बाबांनी तर वाचणे सोडले होते.

आई आमच्याकडे पाहतच राहिली. "सोडलं कुठी? तू शनिवारी घरी येत होता ना. म्हणून थे टेसनावर जाऊन वाचत. पोराले आवडत नाही म्हणत, आला तसा वाद नको म्हणत."

बाबा दर शनिवारी संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन 'फिरावयास' जात, हे आम्ही शेकडो वेळा पाहिले होते. पावसाळ्यातही जात. आम्ही आलो की अर्ध्या घटकेत त्यांच्या वहाणा वाजत. परत येत तेव्हा आमचे जेवण झालेले असे. पिशवीस तेलाचा वास येई. हे सर्व आमच्या डोळ्यांसमोर होते, नऊ वर्षे नव्हे, त्याच्या दुपटीहून अधिक. ज्या शनिवारांस ते आमच्यापासून लांब जाऊन बसत ते शनिवार आम्हीच, त्यांच्या ओढीने, चांदुरास येऊन भरीत होतो.

खाली आल्यावर आईने देवघराच्या फडताळातून रुमालात गुंडाळलेली पोथी काढून दिली. पानांचे कोपरे तेलाने पारदर्शक झाले होते. मध्ये खूण म्हणून फलाटाची जुनी, जाड पुठ्ठ्याची तिकिटे घातलेली. ज्या स्टेशनावर त्यांनी उभा जन्म काढला त्याच्या बाकावर बसण्यासाठीही निवृत्तीनंतर ते तिकीट काढीत असत, हे आम्हांस अपरिचित नव्हते. त्यांचा स्वभावच तसा. तिकिटे मोजावी असे मनात आले आणि मोजली नाहीत.

आईने दिवा लावला. आम्ही वाचू लागलो. शनीविषयीचे आमचे मत होते तेच होते, पण ओव्यांची चाल मात्र विसरलो होतो. दोन ठिकाणी आईने ती सुधारून दिली. पुतण्या दाराशी करंजी खात ऐकत होता. विक्रम राजा घाण्यावर बसला, बैल फिरू लागला, आणि तेवढ्यात मुंबईकडची एक मेल न थांबता स्टेशन ओलांडून गेली. खिडकीची तावदाने थरथरली. गाडीचा आवाज ओसरेपर्यंत आम्ही थांबलो.

"वाच ना," आई म्हणाली. "काहून थांबला?"